मेट्स २०२५ : सोतो आला, आता पिचर कुठून आणायचे?

फ्लशिंगकर | २० मार्च २०२५

मंडळी, तिकडे टोकियोत डॉजर्सनी कब्सना दोनदा हरवूनही झालं आणि आपली बेसबॉल टीम, न्यूयॉर्क मेट्स, अजून पोर्ट सेंट लूसीतच (फ्लोरिडातला सरावाचा तळ) घाम गाळतेय. २७ तारखेला ह्यूस्टनमध्ये पहिली मॅच. इथे मेट्सवाले पुष्कळ आहेत हे मला ठाऊक आहे. गेल्या ऑक्टोबरात निम्म्या लोकांनी प्रोफाइलला तो जांभळा ग्रिमेस (मॅकडॉनल्ड्सचा बाहुला, आपला शुभशकुन) लावला होता. म्हणून हा धागा.

प्रश्न दोन आहेत.

पहिला बॅटिंगचा. हुआन सोतोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर मोजले. जगातल्या कुठल्याच खेळात आजवर एवढा करार झालेला नाही. आता त्याला पाठवायचा कितव्या नंबरवर? मॅनेजर मेंडोझाचं ठरलेलं दिसतंय : लिंडोर, सोतो, अलोन्सो. माझ्या मते सोतो पहिला हवा. गेल्या वर्षी यँकीजकडून त्याने १२९ वॉक (चार वाईट बॉल पडले की फुकट पहिला बेस) घेतले. सोतोचं ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) .४१९, लिंडोरचं .३४४. जो बेसवर जातोच जातो त्याला आधी पाठवा, मागून लिंडोर आणि अलोन्सो त्याला घरी आणतील. लिंडोरने ३३ होमरन मारले होते. असल्या माणसाला लीडऑफला, म्हणजे पहिल्या नंबरवर, उभं करायचं म्हणजे त्याची दर मॅचची पहिली पाळी रिकाम्या बेसवर वाया.

दुसरा प्रश्न पिचिंगचा, आणि इथे मात्र माझी झोप उडालीय. मनाया पोटाच्या बाजूचा स्नायू दुखावून बसलाय. मोंटासचा पाठीचा स्नायू गेलाय. सेव्हरिनो अ‍ॅथलेटिक्सकडे गेला, क्विंटाना ब्रुअर्सकडे. राहिले होम्स, सेंगा, पीटरसन, मेगिल आणि कॅनिंग. यातला क्ले होम्स गेल्या वर्षी यँकीजचा क्लोजर (शेवटच्या इनिंगचा पिचर) होता आणि आता सीझनची पहिली मॅच तोच सुरू करणार! मालक कोहेनसाहेबांकडे एवढा पैसा असताना पिचर कॉर्बिन बर्न्स का नाही घेतला? अ‍ॅरिझोनाने २१ कोटीत नेला.

आपापली लाइनअप आणि पाच पिचर टाका. भांडण झालं तरी चालेल.

सातवी_लाईन

धाग्याला +१. माझी लाइनअप : लिंडोर, सोतो, अलोन्सो, निमो, व्हिएंटोस, मार्टे किंवा विंकर, बेटी, टोरेन्स, सिरी. पिचरांबद्दल बोलायचं नाही असं घरी ठरलंय, बीपी वाढतं.

हडसनपार

फ्लशिंगकर, सोतो पहिला हे पटलं नाही.

सर्वांत चांगला बॅटर दुसऱ्या नंबरवर ही आता बऱ्याच टीम्सची रीत झालीय आणि त्यामागे साधा हिशोब आहे. लाइनअपमध्ये एक पायरी खाली उतरलं की सीझनभरात साधारण पंधरा-अठरा पाळ्या कमी होतात. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात सोतोचं फारसं नुकसान नाही. पण दुसऱ्या नंबरवर त्याच्यापुढे कोणीतरी बेसवर असण्याची शक्यता कितीतरी वाढते. त्याने गेल्या वर्षी ४१ होमरन मारले. वॉकचे आकडे बघता बघता त्या होमरनना विसरू नका.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. लिंडोर दोन्ही हातांनी खेळतो, सोतो डावरा, अलोन्सो उजवा, निमो डावरा, व्हिएंटोस उजवा. २०२० पासून नियम असा की बुलपेनमधून (मधेच येणाऱ्या राखीव पिचरांतून) आलेल्या पिचरने निदान तीन बॅटर्सना टाकायचंच, नाहीतर इनिंग संपवायची. सोतोसाठी डावरा पिचर आणला की त्याच्या पुढ्यात अलोन्सो आलाच. ही साखळी मोडू नये.

आणि लिंडोर लीडऑफला गेला तो गेल्या मे महिन्यात. तेव्हा टीमचे काय हाल होते आठवा. जूनच्या सुरुवातीला २४-३५ होतो आणि शेवटी ८९ जिंकून नॅशनल लीगच्या फायनलपर्यंत गेलो. माणूस तिथे रुळलाय. कशाला हलवायचा?

ब्राँक्सचा_भाऊ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सोतो नेलात, न्या. पण एक लक्षात असू द्या : आमच्या यँकीजकडे त्याच्या मागे जज्ज होता, ५८ होमरनवाला. सोतोला वॉक देऊन जज्जला टाकायची छाती कोणात नव्हती. तुमच्याकडे मागे अलोन्सो, गेल्या वर्षी अ‍ॅव्हरेज .२४०. आता सोतोला बघायला कितीसे चांगले बॉल मिळतात ते कळेलच.

होम्सबद्दल तर बोलायलाच नको. गेल्या वर्षी ३० सेव्ह केले (आघाडी टिकवून मॅच संपवली), पण १३ वेळा हातातली मॅच घालवली. आमच्या घरात आठवी इनिंग संपली की बाबा टीव्ही बंद करायचे.

सातवी_लाईन

भाऊ, तुमचा पिचर गेरिट कोल कसा आहे? कोपराचं ऑपरेशन नीट झालं ना? पूर्ण सीझन बाहेर म्हणे. काळजी वाटते हो. :)

ब्राँक्सचा_भाऊ

दुखऱ्या जागी बोट ठेवू नये. मॅक्स फ्रीड आहे आमच्याकडे. शिवाय २७ कप (वर्ल्ड सीरीज) आहेत.

दादरचे_काका

१९८३ साली मी क्वीन्समध्ये आलो तेव्हा बेसबॉलचा गंधही नव्हता. ऑफिसातले लोक बोलायचे ते कळावं म्हणून बघायला लागलो आणि १९८६ आलं. वर्ल्ड सीरीजच्या सहाव्या मॅचला आपल्या मूकी विल्सनने मारलेला बॉल बॉस्टनच्या बकनरच्या पायांतून गेला तेव्हा आमच्या इमारतीत खालपासून वरपर्यंत ओरडा झाला होता. सौ. ला वाटलं आग लागली.

पण लोक तो एक बॉल लक्षात ठेवतात, त्या टीमचे पिचर विसरतात. बॉबी ओहेडा १८ विजय, ड्वाइट गुडन १७, सिड फर्नांडेझ १६, रॉन डार्लिंग १५. चौघेही सीझनभर उभे होते. १०८ मॅचेस त्यांच्या जिवावर जिंकल्या. बॅटिंगला हर्नांडेझ, कार्टर, स्ट्रॉबेरी हे होतेच, पण रोज मैदानात जाताना आज आपला कोण टाकणार ही काळजी नसायची. आज तीच एक काळजी आहे. ७६ कोटींचा राइट फील्डर नवव्या इनिंगपर्यंत काय करणार, जर पाचव्यातच सहा-एकने मागे असाल?

तेव्हापासून कप नाही, मंडळी. ३९ वर्षं होतील. २००० साली यँकीजनी हरवलं, २०१५ साली कॅन्सस सिटीने. मला आता घाई आहे.

नाशिककर_निशांत

मी नाशिकहून वाचतोय, बेसबॉल अजून शिकतोच आहे. भाऊ लॉस एंजेलिसला असतो, त्याच्यामुळे गेल्या वर्षी पोस्टसीझन पाहिला. एक अडाणी प्रश्न : पाच पिचर कशाला लागतात? चांगला आहे त्यालाच रोज टाकू द्या ना. आपला फास्ट बोलर टेस्टमध्ये एका दिवसात वीस ओव्हर टाकतो, म्हणजे १२० बॉल, आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. आणि क्लोजर म्हणजे डेथ ओव्हर्सचा बोलर समजायचं का?

मृदुला_प

निशांत, प्रश्न अजिबात अडाणी नाही. माझा मुलगा लिटल लीगमध्ये टाकतो, त्यामुळे हे सगळं मला सक्तीने शिकावं लागलं.

बोलर पळत येतो, कोपर सरळ ठेवून हात फिरवतो, अंगाचा वेगही कामी येतो. पिचर एका जागी उभा राहून कोपरात वाकलेला हात झटक्यात उघडतो आणि ताशी दीडशे-एकशे पंचावन्न किलोमीटरने बॉल सोडतो. सगळा ताण कोपराच्या आतल्या एका छोट्या अस्थिबंधावर (लिगामेंटवर) येतो. तो तुटला की दुसरीकडची कंडरा (टेंडन) काढून तिथे बसवतात. ते ऑपरेशन पहिल्यांदा १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या पिचरवर झालं, म्हणून आजही त्याच्याच नावाने ओळखतात. त्यानंतर वर्ष, कधी दीड वर्ष बाहेर. म्हणून स्टार्टर एका मॅचमध्ये नव्वद-शंभर बॉल टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती.

लहान मुलांनाही हेच. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५ बॉल, अकरा-बाराला ८५. ६६ च्या वर गेला की चार दिवस हात बांधलेला. आमच्या मैदानावर एक आई फक्त क्लिकर घेऊन बसते. गेल्या वर्षी ती मीच होते आणि दोन्हीकडचे बाबा माझ्याशी भांडायचे.

क्लोजरबद्दल तुझा अंदाज बरोबर आहे. शेवटची इनिंग, थोडी आघाडी, पंधरा-वीस बॉल, संपूर्ण ताकद. आता लक्षात येईल इथे सगळे होम्सवरून का घाबरलेत. रोज पंधरा बॉल टाकणाऱ्याला आता नव्वद टाकायचेत.

नाशिककर_निशांत

धन्यवाद ताई, वाचनखूण साठवली. एवढं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं. भाऊ नुसता "बघ, कळेल" म्हणतो.

हडसनपार

होम्सवर थोडं सविस्तर, कारण इथे त्याची फारच थट्टा चाललीय.

तो मुळात स्टार्टरच होता. पायरेट्सने त्याला २०११ साली घेतला तो स्टार्टर म्हणून, २०१८ मध्ये मेजर्समध्ये (सर्वांत वरच्या लीगमध्ये) त्याने चार मॅचेस सुरूही केल्या. जमलं नाही म्हणून बुलपेनमध्ये गेला. अडचण ताकदीची नाही, अडचण अशी की क्लोजरला दोन प्रकारचे बॉल पुरतात. सिंकर आणि स्लायडर-स्वीपर टाकून एक इनिंग निघते. स्टार्टरला तोच बॅटर तीनदा भेटतो आणि तिसऱ्यांदा त्याला सगळं पाठ झालेलं असतं. डावऱ्या बॅटर्ससाठी तर वेगळं काहीतरी लागतंच. म्हणून त्याने या स्प्रिंगला नवा चेंजअप आणलाय. मधलं बोट वाकवून बॉलवर रोवायचं, म्हणजे फिरकीचा अक्षच कलतो आणि बॉल शेवटी खाली पडतो. फ्लोरिडात त्यावर बॅटर्स हवेत बॅट फिरवताना दिसले.

आणि हा प्रयोग जगावेगळा नाही. आपल्याच सेथ लुगोचं काय झालं? आपण त्याला वर्षानुवर्षं बुलपेनमध्ये कुजवला. तो बिचारा स्टार्टर करा म्हणून सांगत होता. सॅन दिएगोने ऐकलं, मग कॅन्सस सिटीने. गेल्या वर्षी १६ विजय, ९ पराभव, ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेले रन) ३.००, दोनशेवर इनिंग्ज आणि साय यंगच्या (उत्तम पिचरच्या पुरस्काराच्या) मतदानात दुसरा. ब्रेव्ह्जच्या रेनाल्डो लोपेझनेही बुलपेनमधून येऊन १.९९ काढला. आपली टीम बांधणाऱ्या स्टर्न्सने हेच बघून ३ कोटी ८० लाखांत तीन वर्षांसाठी होम्स घेतला. बर्न्सच्या एक पंचमांश पैशात.

आकडेमोड

धागा चांगला चाललाय, पण सगळे नावांवर भांडताय. इनिंग्ज मोजा.

१६२ मॅचेस गुणिले ९, म्हणजे साधारण १४५० इनिंग्ज कोणीतरी टाकायच्या आहेत. त्यातल्या निदान साडेआठशे स्टार्टर्सकडून निघाल्या तर बुलपेन जिवंत राहतं.

गेल्या वर्षी सेव्हरिनोने १८२, मनायाने १८१ आणि क्विंटानाने १७० टाकल्या. तिघांच्या मिळून सव्वापाचशेच्या वर. तिघंही फार भारी नव्हते, पण दर पाचव्या दिवशी हजर. त्यातले दोन गेले, तिसरा जायबंदी.

आता या वर्षीचे पाच, त्यांच्या गेल्या वर्षीच्या इनिंग्जसह : कॅनिंग १७१ (एंजल्सकडून, ईआरए ५.१९, तेव्हा टाळ्या वाजवायची घाई नको), पीटरसन १२१, मेगिल ७८, होम्स ६३, आणि सेंगा... पाच आणि एक तृतीयांश. हो, संपूर्ण सीझनमध्ये एकच स्टार्ट. ब्रेव्ह्जविरुद्ध उभा राहिला आणि पोटरी धरून खाली बसला. पाच जणांची बेरीज ४४० च्या आसपास येते. साडेआठशे हव्यात.

शिवाय सेंगाला जपानची सवय, तिथे स्टार्टर आठवड्यातून एकदाच टाकतो. त्याला पाच दिवस विश्रांती द्यायची म्हणजे अधूनमधून सहावा माणूस लागणार. म्हणून पाच कोण हा प्रश्नच माझ्या लेखी गौण आहे. सहावा, सातवा, आठवा कोण, ते सांगा.

सोतो पहिला की दुसरा यावर फार तर एखाद्या विजयाचा फरक पडेल. यावर दहाचा पडेल.

दादरचे_काका

आकडेमोड, अगदी मनातलं बोललात.

फ्लशिंगकर

आकडेमोड, पोस्ट वाचून बीपीची गोळी घेतली. पण मग बर्न्स घ्यायलाच हवा होता हे सिद्ध झालं की!

आकडेमोड

बर्न्सला क्वीन्सला यायचंय का हेही बघायला नको? माणूस घरापासून जवळ राहायचं म्हणून अ‍ॅरिझोनाला गेला. आणि तिशीतल्या पिचरला सहा वर्षं देणं म्हणजे एका कोपरावर २१ कोटींची पैज. कोलचं उदाहरण वर आलंच आहे. सोतो २६ चा आहे आणि बॅटरला कोपराची अशी भीती नसते.

बोलंदाज

पंधरा वर्षं सोतोचे पैसे, आणि २०३५ पर्यंत आपल्या जुन्या खेळाडूचे, बॉबी बोनियाचे. दर १ जुलैला ११ लाख ९० हजार डॉलर, २००१ साली निवृत्त झालेल्या माणसाला. इतका शिस्तीत पगार तर आमच्या कंपनीतही होत नाही. बोनियालाच बुलपेनमध्ये बसवा, पैसे तरी वसूल.

सिअ‍ॅटलची_सई

मंडळी, आमच्याकडे उलटी गंगा. गिल्बर्ट, कर्बी, कास्तियो, मिलर, वू. पाचच्या पाच उत्तम. पण बॅटिंगला उभे राहिले की दोन रन काढताना जीव जातो. २-१ ने हरायची सवय झालीय. एक पिचर घ्या, अलोन्सो द्या. टपालखर्च आमचा.

सातवी_लाईन

सई, अलोन्सोला हात लावायचा नाही. गेल्या ऑक्टोबरात मिलवॉकीत नवव्या इनिंगला डेव्हिन विल्यम्सला मारलेला होमरन आमच्या घरी देवघरात ठेवायचा बाकी आहे. २२६ झालेत त्याचे. स्ट्रॉबेरीचा २५२ चा क्लब विक्रम या वर्षी मोडतोच.

बोलंदाज

जाता जाता, पायरेट्सचा विषय निघालाच आहे तर, त्याच क्लबने २००८ साली आपल्याकडचे दोन भालाफेकपटू करारबद्ध केले होते ना? टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल.

नाशिककर_निशांत

रिंकू सिंग? कोलकात्याचा? एका ओव्हरमध्ये पाच सिक्स मारणारा?

बोलंदाज

तो वेगळा. हाही उत्तर प्रदेशचाच, पण डावरा पिचर. मायनर लीगमध्ये काही वर्षं टाकला, मेजर्सपर्यंत पोचला नाही, मग कुस्तीच्या रिंगणात गेला. वीर महान नावाने टीव्हीवर दिसायचा. आयुष्यात हातात बेसबॉल न धरलेला मुलगा वर्षभरात ताशी १४० ने टाकायला शिकतो, आणि आपण इथे सहावा पिचर मिळत नाही म्हणून रडतोय. भालाफेकवाले बघा. पानिपतला फोन लावा.

संपादक

विषयांतर आवरा. कुस्तीसाठी वेगळा विभाग आहे.

मृदुला_प

विषयांतर आवरायच्या आत माझं एक. शिया स्टेडियम असो की सिटी फील्ड, आमच्याकडे मॅचचा दिवस म्हणजे आधी फ्लशिंगचं गणपतीचं देऊळ. जर्सीहून गाडी काढायची, बाउन स्ट्रीटला दर्शन, खाली तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा, आणि मग मेन स्ट्रीटहून सातवी लाईन (सबवे) पकडून एका स्टेशनावर मैदान. स्टेडियममधल्या हॉटडॉगच्या पैशात तिथे चौघं जेवतात. यंदा गणपतीला सेंगाच्या पोटरीचं सांगून येणार आहे.

दादरचे_काका

मनायाच्या पोटाचंही सांगा. आणि अल्वारेझच्या हाताचं. कॅचरच्या डाव्या हातातलं हाड मोडलंय, दीड-दोन महिने बाहेर. हे वर कोणी लिहिलंच नाही! टोरेन्स चांगला आहे, थ्रो मस्त आहे, पण नवख्या स्टार्टरला सांभाळून घेणारा कॅचर लागतो. होम्सला पाचव्या इनिंगला धाप लागली की माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) जाऊन चार शब्द बोलणारा.

हडसनपार

काका, कॅचरच्या बाबतीत सहमत, पण उलट अर्थाने. टोरेन्स असणं होम्ससाठी बरंच आहे. सिंकर खाली पडतो, तो झेलायला शांत ग्लव्ह लागतो.

मला खरी भीती सेंटर फील्डची आहे. सिरी चेंडू पकडायला वाघ, पण गेल्या वर्षी अ‍ॅव्हरेज दोनशेच्याही खाली. आठव्या-नवव्या नंबरवर टोरेन्स आणि सिरी, म्हणजे लिंडोर दुसऱ्यांदा येईल तेव्हा दोन आऊट झालेलेच. फ्लशिंगकर म्हणतात त्या रिकाम्या बेसचा दोष लिंडोरच्या नंबराकडे जात नाही, तो तळाच्या दोघांकडे जातो.

फ्लशिंगकर

हे मात्र चोख आहे. तरीही सोतो पहिला.

ब्राँक्सचा_भाऊ

काय हट्टी माणूस आहे!

बोलंदाज

गेल्या जूनमध्ये लाँग आयलंडला, आयझेनहॉवर पार्कात भारत-पाकिस्तान मॅच पाहिली का कोणी? आपण ११९ ला आऊट. आजूबाजूला लोक पार्किंगकडे निघाले. आणि सहा रननी जिंकलो, बुमराह ३-१४. क्वीन्सपासून अर्ध्या तासावर देवाने सांगून ठेवलंय की बॅटिंगला कितीही पैसे मोजा, टाकणारा लागतो.

आकडेमोड

बोलंदाज, ऑस्ट्रेलियाहून मातीच्या ट्रेमधून आणलेल्या पिचवरची मॅच पुरावा म्हणून ग्राह्य नाही. निष्कर्ष मात्र मान्य.

सातवी_लाईन | २८ मार्च २०२५

झाली पहिली मॅच. ह्यूस्टन ३, आपण १. होम्स पाचवी इनिंगही पूर्ण करू शकला नाही. आणि शेवट? नववी इनिंग, दोघे बेसवर, दोन आऊट, समोर त्यांचा क्लोजर हेडर आणि बॅटिंगला सोतो. स्ट्राइकआऊट. ७६ कोटी ५० लाख.

मृदुला_प

१६१ बाकी आहेत. पाणी प्या.

सातवी_लाईन | १३ जून २०२५

धागा वर काढतोय. ४५-२४, आख्ख्या बेसबॉलमध्ये सर्वांत पुढे! पण काल सेंगा पहिल्या बेसवर अलोन्सोचा उंच थ्रो घ्यायला उडी मारून उतरला तो मांडी धरूनच. ईआरए १.४७ होता हो. मृदुलाताई, गणपतीला फक्त पोटरीचं सांगितलं होतंत का?

मृदुला_प

पोटरीचंच. मांडीचं कोणाला सुचणार!

आकडेमोड

सहावा, सातवा, आठवा. मार्चमध्येच विचारलं होतं.

हडसनपार | १ ऑक्टोबर २०२५

संपलं. ८३-७९. शेवटच्या दिवशी मायामीत ४-०. तिकडे सिनसिनाटीही हरली होती, एक मॅच जिंकलो असतो तर पोस्टसीझनमध्ये होतो. बरोबरी झाली आणि आपापसातल्या मॅचेसमध्ये ते पुढे, म्हणून ते गेले, आपण घरी. १३ जूनपासूनचा हिशोब ३८-५५.

बॅटिंगला नाव ठेवायला जागा नाही. सोतो ४३ होमरन, १२७ वॉक आणि ३८ स्टील (चोरलेले बेस), जे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. लिंडोर ३१ होमरन, ३१ स्टील. अलोन्सो ३८, ऑगस्टमध्ये स्ट्रॉबेरीचा विक्रमही गेला. होम्सने तर १६५ इनिंग्ज टाकल्या, ३.५३. थट्टा करणाऱ्यांनी हलकं घ्यावं.

आणि पिचर? सीझनभरात एकूण ४६ जणांनी माउंडवर पाय ठेवला. कॅनिंगची टाच गेली, मेगिलचं कोपर गेलं, सेंगा परत आला तो हरवलेलाच आणि सप्टेंबरमध्ये मायनर्समध्ये गेला. शेवटी नोलन मॅक्लीन, जोना टाँग, ब्रँडन स्प्रोट या पोरांच्या खांद्यावर सगळं. मॅक्लीनचा २.०६ पाहून वाटतं त्याला जुलैतच का नाही आणला.

आकडेमोड

तेच तर. होम्स चालला, पीटरसन बरा चालला, म्हणजे पैज लावलेल्यांतले दोघं उभे राहिले. तरी इनिंग्ज पुरल्या नाहीत. स्टार्टर पाचव्यात बाहेर, बुलपेन रोज चार-चार इनिंग टाकतंय, ऑगस्टपर्यंत त्यांचे हात गळ्यात आले. जुलैत ट्रेडला आपण हेल्सली, रॉजर्स, सोतो नंबर दोन (ग्रेगरी) असे सगळे रिलीव्हर (बुलपेनवाले) आणले. स्टार्टर एकही नाही. गळती छपराला आणि आपण बादल्या वाढवल्या.

दादरचे_काका

चाळीस वर्षं होतील आता पुढच्या वर्षी. मॅक्लीनला बघून गुडनची आठवण येते म्हणणार होतो, पण नजर लागेल.

फ्लशिंगकर

सोतोला लीडऑफला पाठवलं असतं तर ती एक मॅच जिंकलो असतो.

हडसनपार

अहो! त्या दिवशी एकही रन निघाला नाही. नवव्या नंबरवर पाठवला असता तरी फरक पडला नसता.

ब्राँक्सचा_भाऊ

अलोन्सोने करार सोडायचा पर्याय वापरणार म्हणून जाहीर केलंय, त्याचं काय करणार ते बोला. फर्स्ट बेस आम्हालाही लागतो.

सातवी_लाईन

भाऊ, तुम्ही गप्प बसा.

सिअ‍ॅटलची_सई

टपालखर्च अजूनही आमचाच.

संपादक

शंभरावर प्रतिसाद झालेत. २०२६ च्या लाइनअपसाठी नवीन धागा काढावा, अलोन्सोची चर्चा तिथे करावी. बादल्यांचीही.